पिंगळीचा पहारा

"मला अजून कुणी सुटी दिलेली न्हाई."

शिवलिंगआप्पा हे एकदाच म्हणाले होते. दारात जीप उभी होती. आत त्यांची बायको उमादेवी गोधडीत गुंडाळून, डोळे मिटून पडली होती. तिचं डोकं सुनेच्या, ईश्वरीच्या, मांडीवर होतं. परभणीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, नांदेडला न्यायचं ठरलं होतं. मुलगा नागनाथ बापाचा दंड धरून ओढत होता. "आप्पा, चला की. ती तुमालाच हाका मारायलीय."

आप्पांनी दंड सोडवून घेतला. सदऱ्यात हात घालून गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरली, ते वाक्य बोलले आणि दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसले. रोजच्या जागी, स्टेशनाकडे तोंड करून.

उमादेवी परत आल्या त्या पांढऱ्या कापडातच. त्यांना पिंगळीच्याच मातीत, लिंगायतांच्या रीतीनं बसवून मूठमाती दिली. आप्पा तेवढ्यापुरते आले. खड्ड्यात उतरून त्यांनी बायकोचं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, वर चढले, पाय धुतले आणि पुन्हा ओट्यावर. नागनाथ त्या दिवसापासून बापाशी कामापुरतं बोलू लागला. मग काम असलं तरी ईश्वरीमार्फत.

ईश्वरीला मात्र ते वाक्य विसरता आलं नाही. भाकरी थापताना, दुकानात गूळ तोलताना मध्येच ते वर यायचं. सुटी? कसली? आप्पा आयुष्यात कुणाच्या नोकरीत नव्हते. बापानं टाकलेलं स्टेशनरस्त्यावरचं दुकान, गूळ, काडेपेट्या, बिस्किटं, विभूतीच्या वड्या. त्यांना सुटी द्यायला वर होतं तरी कोण?

आप्पा पिंगळीची शीव ओलांडत नसत, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सख्खा भाऊ जिंतूरला वारला तेव्हा ते गेले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या लग्नात नवरीकडचं वऱ्हाड इथं आलं. नागनाथच्या लग्नातही तेच. ईश्वरी झरीची. तिच्या बापानं मांडव, आचारी, भांडी सगळं ट्रॅक्टरवर घालून इथं आणलं आणि वाटभर कुरकुरत आणलं: "व्याही हाय का गावातला मारुती? जागचा हलत न्हाई."

ओट्यावरून आप्पा गाड्या बघत. पॅसेंजर थांबली की कोण उतरलं, कोण चढलं, कुणाच्या हातात काय, हे सगळं डोळ्यांखालून घालत आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत. समोर चहाची गाडी लावणारा बजरंग गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असा ओरडायचा, "आप्पा, आज कितीजण उतरले? मास्तरला सांगून या, त्याला मोजता येत न्हाई!" लोक हसायचे. आप्पा हसत नसत, चिडतही नसत. ते बजरंगच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहायचे, काचेतून बघावं तसे.

आणखी एक गोष्ट ईश्वरीच्या ध्यानात आली होती. सकाळच्या पूजेत आप्पा लिंग डाव्या तळहातावर घेऊन जप करत. "नमः शिवा..." म्हणत आणि तिथंच तोंड मिटत. शेवटचं अक्षर कधी बाहेर येत नसे. आधी तिला वाटलं, दम पुरत नसेल. मग वाटलं, दात पडले म्हणून. पण दात होते तेव्हाही असंच होतं, हे तिला उमादेवींनी सांगितलं होतं. त्यांनीही कारण कधी विचारलं नव्हतं. ह्या घरात न विचारण्याची एक रीतच पडून गेली होती. विहिरीवर फळी टाकून ठेवतात, तशी.

मग ह्या श्रावणात फळी हलली.

लिंगाचा दोरा दर श्रावणात बदलतात. आप्पा तो स्वतःच बदलत, कुणाला हात लावू देत नसत. त्या सोमवारी त्यांची बोटं ऐकेनात. नव्वदी ओलांडलेली बोटं, वाळल्या शेंगांसारखी. दोरा तीनदा हातातून निसटला. शेवटी त्यांनी हाक मारली, "ईश्वरी, जरा इकडं ये. एवढं बांधून दे."

ती पुढ्यात बसली. तेव्हा तिनं पहिल्यांदा नीट पाहिलं. दोरा नवा होता, पण मध्ये बोटभर जुना तुकडा तसाच ठेवलेला. घामानं काळा पडलेला, ताठ. त्या तुकड्याच्या मधोमध एक गाठ, हरभऱ्याएवढी. म्हणजे आप्पा दर वर्षी ह्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना नवा दोरा जोडत आले होते.

"आप्पा, हे सडलंय. काढून टाकू का?"

आप्पांनी तिचं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. "तिला हात लावू नको."

"बरं, न्हाई लावत."

त्यांनी मनगट सोडलं. मग म्हणाले, "ते कुणाला सांगायचं नसतं."

"मग नका सांगू."

"शपथेत बाप होता, भाऊ होता, चुलता, सोबती, सगळे होते. ह्यांना सांगणार न्हाई, मरण आलं तरी. बायांचं नाव घालायचं कुणाला सुचलं न्हाई."

"बरं झालं," ईश्वरी म्हणाली. "एवढ्या वर्सांनी का होईना, आमी मोजणीत नसल्याचा फायदा झाला."

आप्पांच्या घशातून आवाज निघाला. हसू असावं. मग ते बोलू लागले. गंजलेलं कुलूप उघडतं तसं, अडत, थांबत.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस. आप्पा तेव्हा मिसरूड न फुटलेले. झरीचे महांतेशगुरुजी शाळेत शिकवत आणि शाळा सुटल्यावर दुसरं काहीतरी करत. स्वतःला धरून पाचजण जमवले होते त्यांनी. मंडळाला नाव नव्हतं. नाव असलं की ते कुणाच्या तरी तोंडून निघतं, असं गुरुजी म्हणत. नावाच्या जागी त्यांनी पंचाक्षरी वाटून दिली होती, एकेकाला एकेक अक्षर. न म्हणजे माती, म म्हणजे पाणी, शि म्हणजे आग, वा म्हणजे वारा आणि य म्हणजे आकाश. माती गुरुजी स्वतः. पाण्यानं नदीपलीकडून माणसं आणायची, आगीनं दारूगोळा सांभाळायचा, वाऱ्यानं निरोप न्यायचे. सटवाजी नावाचा एक शेतकरी होता, तो वारा. त्याच्या गळ्यात लिंग नव्हतं, म्हणून त्याची गाठ करदोड्याला बांधली होती. आपलं अक्षर स्वतःच्या तोंडानं उच्चारायचं नाही. अनोळखी माणूस जप करताना जिथं थांबेल, त्यावरून तो कोण ते ओळखायचं.

"आन् तुमी आकाश," ईश्वरी म्हणाली.

"गुरुजी म्हनले, आकाशाला कुठं जाता येत न्हाई. ते आपल्या जागी ऱ्हातं आन् बगतं. तू पिंगळीच्या स्टेशनावर बग. फौज कवा उतरती, रझाकार किती उतरले, वाऱ्याला सांग."

गुरुजींनी स्वतःच्या हातानं त्यांच्या दोऱ्याला गाठ मारली आणि तीन खुणा सांगितल्या. गाठ आहे तोवर जागा सोडायची नाही. बांधणाऱ्यानं किंवा त्याच्या घरच्यानं येऊन गाठ सोडली, तर काम झालं, मोकळा. आणि गाठ कुणी कापली, तर दगा झाला. मग एक शब्द बोलायचा नाही, घराकडे जायचं नाही, मागं बघायचं नाही, गाव सोडून चालू लागायचं.

पोलीस कारवाईच्या आधी दोनेक महिने गुरुजींना पकडलं. ते तुरुंगातच गेले. बाकीचे एकेक करत पांगले, मेले. सटवाजी तेवढा म्हातारा होऊन मेला, पण तो वारा होता, त्याला थांबायचा हुकूमच नव्हता.

"पण आप्पा, निजाम गेला की. झेंडा लागला."

"झेंडा लागला ते मी बी बगितलं. ह्याच ओट्यावरनं. पण मला येऊन कुनी सांगितलं का?"

"मग तुमीच सोडायची."

"आपली गाठ आपल्याला सोडता येत न्हाई."

"गुरुजींच्या पोराला सांगायचं."

"सांगायचं न्हाई, हीच तर शपथ." त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू लहान लेकराला उजळणी शिकवत होते. "त्यांना ठाऊक न्हाई म्हनून ते येत न्हाईत. मला सांगता येत न्हाई म्हनून त्यांना ठाऊक व्हत न्हाई."

ईश्वरीच्या डोळ्यांपुढे जीप आली, गोधडी आली. शपथेतली ही फट उमादेवी असताना ह्या माणसाला दिसली नव्हती, की दिसूनही त्यानं डोळे मिटले होते? तिनं विचारलं नाही. आप्पाच म्हणाले, "तिनं कधी इचारलं न्हाई." आणि थोड्या वेळानं, "इचारलं असतं तर सांगितलं असतं का, ते बी ठाऊक न्हाई."

मग त्यांनी गाठीवर अंगठा फिरवला. "आता एकच भ्या वाटतं. गाठ घेऊन मातीत बसवलं तर? तिथून बी बगत बसायचं का? आन् तिथं तर गाडी बी येत न्हाई."

त्या दुपारी तिनं नागनाथला सगळं सांगितलं. तो जेवत होता. त्याचा घास हातात राहिला. "म्हणजे एका दोऱ्यापायी आई..." एवढंच म्हणाला. ताटात हात धुऊन उठला. दारातून म्हणाला, "हे माझ्यापुढं परत काढू नको."

पण ईश्वरी आता थांबणार नव्हती. गुरुजींचा नातू पंकज तिच्या माहेरचा. परभणीत त्याचं सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं आणि झेडपीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं. तिनं त्याला फोन लावला. पाच अक्षरं, पाच माणसं, गाठ, सगळं सांगितलं.

"काय सांगतेस आत्या!" तो ओरडलाच. "आज्याचा दोरा आमच्या देवघरात हाय की. त्याला बी अशीच गाठ हाय. आमाला वाटायचं नवसाची असंल."

"तर तू ये बाबा. गुपचूप घरी ये. गाठ सोड, पाया पड, चहा घे आन् जा. दुसरं काही करू नको."

"घरात कशाला? सतरा सप्टेंबर आलाय तोंडावर. मुक्तिदिनाला गावासमोर सोडू. आज्याला बी मान, आप्पाला बी मान."

तिला ते पटलं नाही. पण ह्यानं नाही म्हटलं तर दुसरं कुणी उरलंच नव्हतं. गाठ सोडायची, एवढंच ती त्याला पुन्हापुन्हा बजावत राहिली. कापली तर काय, हे सांगायचं तिला सुचलंच नाही. गळ्यातल्या लिंगाचा दोरा कुणी कापतं का?

"गुरुजींचा नातू येणार हाय, गाठ सोडायला," तिनं आप्पांना सांगितलं. त्याला कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. देवघरातल्या दोऱ्यावरून ओळखलं असेल, असं त्यांनी धरून चाललं असावं. तिला एक मात्र दिसलं. म्हातारा ताठ बसू लागला. चांदीची डबी त्यांनी राखेनं घासून लख्ख केली. एका सकाळी स्टेशनाकडे न बघता तिच्याकडे बघत म्हणाले, "सुटी झाल्यावर नांदेडला जायचं. त्या दवाखान्यापर्यंत. आत न्हाई, दारापर्यंतच. येशील ना संगं?"

"येईन की."

"नागनाथला इचार, येतो का."

नागनाथला तिनं विचारलं. तो काही बोलला नाही. पण नाहीही म्हणाला नाही. ह्या घरात तेवढं पुष्कळ होतं.

सतरा तारखेला ग्रामपंचायतीचं सभागृह भरलं होतं. झेंडावंदन होऊन गेलं होतं. आप्पा आंघोळ करून, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, ईश्वरीचा हात धरून आत आले आणि दारातच थबकले. मंचामागे भिंतभर फ्लेक्स लावला होता. त्यावर गुरुजींचा फोटो, पंकजचा त्याहून मोठा फोटो आणि मधोमध ती गाठ. हरभऱ्याएवढी गाठ बैलगाडीच्या चाकाएवढी करून, सोनेरी रंगात. तिच्याभोवती गोलाकार पाच अक्षरं. पंकजच्या पोरांच्या टी-शर्टवर तीच गाठ, पाण्याच्या बाटल्यांवर चिकटवलेल्या कागदावरही तीच.

आप्पांनी ईश्वरीचा हात सोडला. "हे ह्यांना कुनी दिलं?" त्यांनी हळूच विचारलं. तोवर पोरांनी त्यांना धरून मंचावर नेलंही.

पंकजनं भाषण केलं. आवाज चांगला होता त्याचा. "ते पाच अक्षरं जगले! न, म, शि, वा आणि हे बसलेत ते य!" टाळ्या पडल्या. आप्पांनी दचकून मान वर केली. जे अक्षर त्यांच्या ओठांवर आयुष्यात आलं नव्हतं, ते भोंग्यातून स्टेशनापर्यंत गेलं. "आणि हा इतिहास कुणामुळं कळला? आमच्या ईश्वरीआत्यामुळं! आत्यानं सगळं सांगितलं नसतं तर ही खूण मातीत गेली असती!"

आप्पांनी गर्दीत तिला शोधलं. बायकांच्या पहिल्या रांगेत ती बसली होती. त्यांची नजर तिच्यावर येऊन टेकली. त्या नजरेत राग नव्हता. ओट्यावरून ते उतारूंकडे बघत, तशी ती नजर होती. कोण उतरलं, हातात काय आहे. ईश्वरीनं पदर तोंडाला लावला.

"आता तो क्षण!" म्हणत पंकज आप्पांसमोर वाकला. आप्पांनी सदऱ्याची बटणं सोडली. काहीही असलं तरी हा गुरुजींच्या घरचा होता, आणि वाट त्याचीच बघितली होती. त्यांनी डबी डाव्या तळहातावर घेतली, दोरा ताणून गाठ पुढं केली आणि डोळे मिटले.

पंकजनं नख घातलं. गाठ दगडासारखी. दुसरं नख घातलं, ते तुटलं. "लय घट हाय की," तो हसत म्हणाला. फोटोवाला ओरडला, "दादा, चेहरा वर करा, डोकंच यायलंय नुसतं." पाहुण्यांपैकी एकजण घड्याळ बघत पंकजच्या कानाशी लागला, त्यांना पुढं जिंतूरचा कार्यक्रम होता. पंकजच्या कपाळावर घाम आला. फलकाच्या अनावरणासाठी आणलेलं तबक मागंच होतं. हळद, कुंकू, फीत, कात्री.

ईश्वरी उठून उभी राहिली. "पंकज! कात्री नको! अरे कापू नको!"

पण पोरांनी घोषणा सुरू केल्या होत्या. एका बाजूला ढोल वाजू लागला. तिचा आवाज तिच्याच कानात राहिला.

पंकजनं कात्री चालवली, जुन्या तुकड्याच्या एका बाजूला एकदा, दुसऱ्या बाजूला एकदा. गळ्याभोवतीचा दोरा सुटून खाली आला. डबी तळहातावर होती म्हणून वाचली. तरी बायकांच्या रांगेतून "अगं बाई, लिंग!" असा एक दबका आवाज उठलाच. मागं बसलेले दोन-तीन म्हातारे उभे राहिले. पंकजनं मात्र काहीच ऐकलं नाही. त्याचं स्वतःचं लिंग कित्येक वर्षं देवघरात होतं. दोरा गळ्यात असताना कापत नाहीत, हे त्याला कधी कळायची वेळच आली नव्हती. न सुटलेली गाठ चिमटीत धरून त्यानं कॅमेऱ्यापुढं नाचवली. "झाली बगा आप्पा सुटी!" तो ओरडला आणि ती गाठ त्यानं आज्याच्या दोऱ्याशेजारी काचेच्या चौकटीत ठेवली.

आप्पांनी डोळे उघडले. तळहातावरच्या डबीपासून लोंबणारी दोन टोकं बघितली. नव्या पांढऱ्या दोऱ्याची, स्वच्छ कापलेली. एकदा हाताच्या बोटांनी चाचपून खात्री करून घेतली.

ईश्वरी गर्दी लोटत मंचाकडे येत होती. "आप्पा, ते तसं न्हाई. त्याला ठाऊक नव्हतं. आप्पा, मीच सांगायची ऱ्हायले..." ती जवळ पोचली तेव्हा त्यांचा चेहरा तिला दिसला. तो नव्वदीच्या माणसाचा चेहरा राहिला नव्हता. फार वर्षं निरोपाची वाट बघितलेल्या, आणि आज निरोप मिळालेल्या पोराचा तो चेहरा होता. निरोप वाईट होता. पण होता.

त्यांनी डबी मुठीत घट्ट धरली. खांद्यावरची शाल खुर्चीवर ठेवली. कुणाचाही हात न धरता मंचाच्या पायऱ्या उतरले. ईश्वरी समोर उभी होती, तिच्या बाजूनं निघून गेले, खांबाच्या बाजूनं जावं तसे. दारात नागनाथ उभा होता. तो आलेला आहे हे तिला तेव्हाच कळलं. अंगात परगावी जायचा धुतलेला सदरा होता, हातात एक पिशवी होती. त्यानं हात अर्धा पुढं केला. "आप्पा," तो म्हणाला, कित्येक वर्षांनी पहिल्यांदा. "आप्पा, नांदेडची गाडी..."

आप्पा थांबले नाहीत. चपला दाराशी होत्या, त्या त्यांनी घातल्या नाहीत. रस्त्यावर आल्यावर दुकान डाव्या हाताला होतं आणि घर त्याच्या मागं. तिकडे त्यांनी मान वळवली नाही. ढोल अजून वाजत होता. बजरंग चहाच्या गाडीमागून नुसता बघत राहिला. आप्पा ओट्यासमोरून पुढं गेले, स्टेशनाची पाटी मागं टाकली, रूळ ओलांडले आणि पलीकडच्या सोयाबीनमधल्या पायवाटेनं, एक शब्द न बोलता, मागं न बघता चालत राहिले.